दोन्हींत अक्षरे चारच : मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे संपादक, वृत्तवाहिन्यांचे वृत्तसंपादक,
आणि रात्रपाळीला डेस्कवर बसून मथळे व पट्ट्या लिहिणारी सर्व मंडळी

विषय : 'देशद्रोह' हा शब्द आपण ज्या सैल हाताने वापरता, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त मुद्रितशोधक. बत्तीस वर्षे एका मराठी दैनिकात प्रुफे वाचली. सुरुवात केली तेव्हा जुळारी खिळे जुळवत आणि गॅलीवर शाई फिरवून काढलेले ओले प्रूफ हातात येई. निवृत्त झालो तेव्हा पाने संगणकावर लागत होती आणि मुद्रितशोधकांच्या टेबलावर चहाचे कप ठेवले जात होते. आमच्यानंतर त्या जागा भरल्याच नाहीत. ते दुखणे वेगळे, त्यासाठी हे पत्र नाही.

हे पत्र गेल्या १ ऑगस्टमुळे लिहितो आहे. साताऱ्यात माझी नात आठवीत शिकते. टिळक पुण्यतिथीला तिच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि आजोबा म्हणून मी मागच्या बाकावर बसलो होतो. पहिल्या सात मुलांनी शेंगा खाल्ल्या नाहीत आणि टरफलेही उचलली नाहीत. आठवी माझी नात. तिने शेंगा टाळल्या, याचा मला अभिमान वाटला. ती थेट १९०८ सालात शिरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "इंग्रज सरकारने लोकमान्यांवर देशद्रोहाचा खटला भरला आणि त्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवले."

सभागृहात टाळ्या पडल्या. परीक्षकांनी मान डोलावली. तिला दुसरा क्रमांक मिळाला.

घरी येताना मी तिला विचारले, "टिळकांनी कोणत्या देशाचा द्रोह केला गं?" ती थांबली, विचारात पडली आणि मग म्हणाली, "आजोबा, मी मनाचं नाही घेतलं. पेपरमध्ये तसंच आहे." दप्तरातून कात्रण काढून दाखवले. पुरवणीतला लेख होता, चौकटीत टिळकांचे चित्र, पगडी ठळक, आणि खाली तेच : देशद्रोहाचा खटला. कोणत्या दैनिकाचे कात्रण ते सांगत नाही, कारण एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानंतर पंधरा दिवस मी वाचनालयात बसून ताजे अंक चाळले आणि संध्याकाळी वाहिन्या लावून पट्ट्या वाचल्या. आपण सगळेच एका माळेचे मणी आहात.

म्हणून आता तक्रारी. क्रमाने सांगतो, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. पहिलीला जास्त वेळ लागेल.

पहिली तक्रार : टिळकांवर खटला झाला तो राजद्रोहाचा. भारतीय दंड संहितेचे कलम १२४अ. हे कलम १८६० च्या मूळ संहितेत नव्हते. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात तसे एक कलम होते, ते गाळले गेले आणि १८७० साली नव्याने घातले गेले. १८९८ मध्ये त्याचा विस्तार झाला. त्या कलमात गुन्हा काय, तर राणीविषयी किंवा कायद्याने प्रस्थापित झालेल्या सरकारविषयी लोकांच्या मनात द्वेष, तुच्छता किंवा 'अप्रीती' निर्माण करणे. अप्रीती हा आपला जुना कायदेशीर मराठी शब्द, आणि तो नीट वाचावा असा आहे. १८९७ च्या पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे एवढ्यावरही भागू शकत होते! टिळकांना त्या वेळी अठरा महिने सक्तमजुरी झाली. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष.

आता मला सांगा, या कलमात देश कुठे आहे? राणी आहे, सरकार आहे. देश नाही. म्हणूनच त्या काळच्या मराठी माणसांनी त्याला 'राजद्रोह' म्हटले. राजाचा द्रोह, राजसत्तेचा द्रोह. शब्द चोख होता. त्यात एक ठाम भूमिकाही होती, कारण राज्य त्यांचे आणि देश आमचा हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्या राज्याचा द्रोह केल्याचा आरोप झालेला माणूस घरोघरी तसबिरीत जाऊन बसला तो यामुळेच.

१९०८ चा खटला तर शब्दांचाच होता. ज्या दोन अग्रलेखांसाठी टिळकांवर आरोप ठेवला, त्यातला १२ मे १९०८ चा अग्रलेख आपल्यापैकी कितीजणांना आठवतो? त्याचे शीर्षक होते 'देशाचे दुर्दैव'. दुसरा ९ जूनचा, 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. ज्याच्या लेखाच्या पहिल्याच शब्दात देशासाठी हळहळ आहे, त्याला आपण एकशे काही वर्षांनी देशद्रोहाचा आरोपी करून टाकतो, तेही पुण्यतिथीच्या पुरवणीत आणि हार घालून.

त्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. त्यातला बराच वेळ भाषांतरावर गेला. सरकारी भाषांतरकाराला उभे करून त्यांनी उलटतपासणी घेतली. मराठी शब्दाला तुम्ही इंग्रजीत जो शब्द दिला त्याने अर्थ भडक होतो, मूळ शब्दाची छटा ती नाही, हे ते एकेका शब्दाला धरून सांगत होते. समोर न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. नऊ जणांच्या ज्यूरीत सात विरुद्ध दोन असा निर्णय झाला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा. एका शब्दाच्या चुकीच्या पर्यायाने काय होते, हे कोर्टात उभे राहून सांगणारा संपादक आपल्या धंद्यातला मूळपुरुष. त्याच्याच बाबतीत आपण चुकीचा पर्याय छापतो. मुद्रितशोधक म्हणून मला याची लाज वाटते, आणि आजोबा म्हणून जास्त.

दुसरी तक्रार : आपण म्हणाल, लोकांना दोन्ही एकच वाटतात. वाटत असतील, पण ते कोणामुळे? २०१२ च्या सप्टेंबरात मुंबईत कानपूरच्या एका तरुण व्यंगचित्रकाराला कलम १२४अ खाली अटक झाली. बातमीचे पान रात्री साडेदहाला माझ्या हातात आले. मथळ्यात 'देशद्रोह' होते. मी लाल शाईने 'दे' आणि 'श' काढून समासात 'राज' लिहिले. तासाभराने शेवटचे प्रूफ आले त्यात पुन्हा 'देशद्रोह'. मी उठून डेस्कवर गेलो. रात्रपाळीचा उपसंपादक चांगला मुलगा होता, हुशार होता. म्हणाला, "काका, मथळ्यात बसायला पाहिजे ना." मी म्हणालो, "मोज." रा, ज, द्रो, ह. दे, श, द्रो, ह. चार आणि चार. तो हसला. मग म्हणाला, "पण काका, देशद्रोहाला जोर आहे."

खरे कारण हेच होते, आणि निदान तो ते प्रामाणिकपणे बोलला. राजद्रोह म्हटले की वाचक विचारतो, कोणी आणि कोणाविरुद्ध? देशद्रोह म्हटले की वाचक काही विचारत नाही. त्याच्या डोक्यात निकाल लागलेला असतो. आरोपपत्र दाखल व्हायच्या आत, एका सामासिक शब्दाने. त्या रात्री पान 'देशद्रोह' घेऊनच छपाईला गेले. पुढे त्या व्यंगचित्रकारावरचा राजद्रोहाचा आरोप सोडून देण्यात आला. आमच्या दैनिकाने शुद्धिपत्र छापले नाही. मी मागितले होते.

याच प्रकरणाचे शेपूट आणखी लांब आहे. मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल देऊन पोलिसांनी हे कलम कधी लावावे याची तत्त्वे ठरवली. ती पोलिसांना कळावीत म्हणून ऑगस्टमध्ये गृह विभागाने मराठीत परिपत्रक काढले. आणि मराठीत येताना अर्थच घसरला, लोकप्रतिनिधींवर टीका करणाराही आत जाईल, असा आक्षेप निघाला. पुन्हा न्यायालय, आणि शेवटी सरकारने परिपत्रक मागे घेतले. भाषांतराच्या चुकीने काय बिघडते असे विचारणाऱ्यांसाठी हे उदाहरण मी नेहमी खिशात ठेवतो.

तिसरी तक्रार शब्दाच्या मुळाशी जाणारी आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार. म्हातारपणी एवढी सवलत असावी.

द्रोह संस्कृत 'द्रुह्' धातूपासून आला. वाईट चिंतणे, घात करू पाहणे. पण आपल्या भाषेत तो शब्द कोणत्या सोबतीने चालतो ते पाहा : मित्रद्रोह, गुरुद्रोह, स्वामिद्रोह. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कुलक्षयाच्या दोषाबरोबर मित्रद्रोहाच्या पातकाची भीती बोलून दाखवतो. सोळाव्या अध्यायात 'अद्रोह' दैवी संपत्तीच्या यादीत येतो. द्रोह करायला आधी विश्वासाचे नाते लागते. शत्रू घाव घालतो, लुटतो, जाळतो, पण शत्रू द्रोह करत नाही, कारण त्याने आपल्याला काही शब्द दिलेला नसतो. इतका जड शब्द आहे हा. तो पट्टीत मिनिटाला तीनदा फिरवायचा नसतो.

आणि 'देश'? आपल्याकडे देश म्हणजे आधी घाटावरचा मुलूख. कोकणातला माणूस अजूनही म्हणतो, देशावर गेलो होतो. देशस्थ, देशमुख, देशपांडे या सगळ्यांतला देश म्हणजे परगणा किंवा प्रांत. देशोधडीला लागणारा माणूस पासपोर्ट घेऊन जात नाही, गावशीव सोडून जातो. तुकोबांनी 'आमुचा स्वदेश' म्हटले आणि पुढे लगेच 'भुवनत्रयामध्ये वास' सांगून टाकले. तिन्ही लोक हाच ज्याचा स्वदेश, त्याला कोणत्या कलमाखाली घ्यायचे ते आपल्या स्टुडिओतल्या चर्चेवर सोडतो.

मग जुनी मराठी माणसे घरभेद्याला काय म्हणत होती? त्यांच्याकडे शब्दांची वाण नव्हती. फितूर होता, हरामखोर होता, बेइमान होता, खाल्ल्या मिठाला न जागणारा होता. यातले बरेच अरबी-फारसीतून आलेले, पण पत्रव्यवहारात आणि बखरींत पक्के मुरलेले. आमच्या साताऱ्याच्या मुलखात आजही कोणी कोणाचा घात केला की 'सूर्याजी पिसाळ' म्हणतात. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि त्याचे खापर वाईच्या देशमुखीच्या आशेवर असलेल्या या माणसावर फुटले. इतिहासकार त्याच्या दोषाबद्दल काय वाद घालायचा तो घालोत, भाषेने आपला निकाल कधीच लावला आहे. पण त्याला शिवी कोणती बसली? फितूर. देशद्रोही नव्हे. कारण त्या काळात फितुरी होती ती धन्याशी आणि राज्याशी, आणि आमिष होते ते 'देशमुखी'चे. तेव्हाच्या हिशेबाने देश हा तर लाचेचा भाग होता!

जाता जाता वतनाचे सांगतो. हा अरबी शब्द हिंदी गाण्यांतून आला की डोळ्यांत पाणी येते, तिथे तो मायभूमी आहे. आपल्या मराठीत तोच शब्द आला तो पाटीलकीच्या, कुलकर्णीपणाच्या वंशपरंपरागत हक्कासाठी. त्यासाठी भाऊ भावाशी पिढ्यान्‌पिढ्या भांडले. शब्द गाव बदलला की स्वभावही बदलतो. म्हणूनच हिंदी वाहिनीच्या पट्टीवरून 'देशद्रोह' जसाच्या तसा उचलून मराठीत चिकटवू नका, असे माझे म्हणणे आहे. हिंदीत कलम १२४अ साठी तो शब्द सर्रास चालला. आपल्याकडे शतकभर जुना, खटल्यांत तावूनसुलाखून निघालेला शब्द असताना उसनवारी कशाला?

चौथी तक्रार थोडक्यात. जो सरकारवर टीका करतो तो एक, जो देशाच्या धोरणाला विरोध करतो तो दुसरा, ज्याला देशभक्ती हे सर्वोच्च मूल्य वाटतच नाही तो तिसरा, आणि जो शत्रूला गुप्त माहिती विकतो तो चौथा. मराठीत या चौघांसाठी आपण एकच शब्द शिल्लक ठेवला आहे. तिसऱ्यासाठी तर आपल्याकडे कधी सरळ शब्द तयारच झाला नाही. देशभक्तीच्या कल्पनेवरच शंका घेणारे लोक जगभर झाले. रवींद्रनाथ ठाकूर १९१६ मध्ये जपान आणि अमेरिकेत जाऊन राष्ट्रवादावर कडक बोलले. आज आपण उभे राहून ज्यांचे राष्ट्रगीत म्हणतो तेच हे ठाकूर. विनोबांनी 'जय जगत्' म्हटले. या माणसांच्या विचाराला नाव द्यायचे झाले तर 'द्रोह' हा शब्द जवळपाससुद्धा येत नाही. वाद घालायचा तर जरूर घाला, मीही घालीन, माझे त्यांच्याशी सगळे पटते असे नाही. पण वाद घालायला आधी वेगळा शब्द तरी हवा. सध्या पुरते 'देशभक्तीचा टीकाकार' असे दोन शब्दांत लिहिले तरी चालेल. जागा लागेल, लागू दे.

पाचवी तक्रार घराजवळची. आमच्या कॉलनीत एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक राहतात. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर चहा-बिस्किटे चालू असताना त्यांनी विचारले की टाकी धुण्यासाठी गोळा केलेल्या वर्गणीचा हिशेब कधी मिळणार. दुपारपर्यंत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिले, "आजच्या दिवशी असले प्रश्न विचारणारे देशद्रोही." खाली अकरा अंगठे. टाकी अजून धुतलेली नाही. वाहकसाहेब शांत गृहस्थ, म्हणाले, "जाऊ द्या हो, टीव्हीवर बघतात आणि लिहितात." त्यांनी तुमचा पत्ता बरोबर सांगितला.

मला कळते की ग्रुपवरच्या माणसाच्या बोटाला तुम्ही जबाबदार नाही. पण शब्द स्वस्त कोणी केला, तो हिशेब टाकीच्या हिशेबाइतकाच बाकी आहे.

सहावी आणि शेवटची तक्रार : आता कायदा बदलला आणि आपण गोंधळ दुप्पट केला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४अ चा वापर थांबवून ठेवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ते कलम त्या रूपात नाही, कलम १५२ आहे. ते सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दलचे आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. राजद्रोह गेला आणि देशद्रोह आला, असे संसदेत सांगितले गेले. सत्ताधाऱ्यांनी आपल्या कायद्याचे वर्णन कसे करावे हा त्यांचा प्रश्न. पण वार्ताहराचे काम कलमाचे शीर्षक वाचून लिहिण्याचे आहे. त्या शीर्षकात देशद्रोह हा शब्द नाही. सरकारच्या कारभाराबद्दल कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका, ती अशी कृत्ये चिथावत नसेल तर गुन्हा नाही, असे स्पष्टीकरणही त्या कलमाखाली जोडलेले आहे. ते किती पुरेसे आहे यावर वकील भांडतील. आपल्या बातम्यांत मात्र ते स्पष्टीकरण मी एकदाही पाहिले नाही.

'राष्ट्रविरोधी' हा दुसरा लाडका शब्द. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले की या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. राज्यघटनेत तो एकदा शिरला होता, १९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणलेल्या अनुच्छेद ३१ड मधून. त्रेचाळिसाव्या दुरुस्तीने तो काढून टाकला. आणीबाणीत आपल्याच धंद्यातल्या लोकांनी अग्रलेखाच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. त्या काळातला तो शब्द आज आपण कोणी न सांगता छापतो.

आणखी मागे जायचे तर घटना समितीच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालण्याच्या कारणांत राजद्रोह होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी तो शब्द गाळण्याची दुरुस्ती मांडली आणि तो गाळला गेला. ज्यांच्या पिढीने त्या कलमाखाली तुरुंग भरलेले पाहिले त्यांना त्या शब्दाची जात माहीत होती. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजी याच कलमाखाली उभे राहून म्हणाले होते की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही. न्यायाधीशांनी त्यांनाही सहाच वर्षे दिली आणि देताना टिळकांच्या शिक्षेचा दाखला दिला. आपल्या 'काळ' साप्ताहिकाच्या शिवराम महादेव परांजप्यांना १९०८ मध्येच एकोणीस महिने झाले होते. ही सगळी राजद्रोही माणसे. यातल्या एकालाही देशद्रोही म्हणायची इंग्रजाला गरज पडली नव्हती.

एक गोष्ट उघड सांगतो, नाहीतर कोणीतरी मला विचारेलच. देशाचा घात करणारी माणसे नसतात, असे मी म्हणत नाही. असतात. शत्रूला नकाशे आणि गुपिते विकणारे सापडतात, त्यांच्यावर खटले होतात. तिथे हेरगिरी म्हणा, युद्ध पुकारल्याचा आरोप असेल तर तसे म्हणा, आणि न्यायालयाने दोषी ठरवल्यावर हवे तर देशद्रोही म्हणा. शब्द त्या दिवसासाठी शिल्लक राहावा म्हणूनच हा खटाटोप आहे. घरातला कोयता रोज भाजी चिरायला काढला की त्याची धार जाते.

आता मागण्या. फार नाहीत.

एक, कलम १२४अ खालच्या कोणत्याही खटल्याबद्दल, मग तो १८९७ चा असो की २०१२ चा, 'राजद्रोह' असेच लिहा. आपल्या शैलीपुस्तिकेत तशी नोंद करा. शैलीपुस्तिका नसेल तर एक कागद डेस्कच्या भिंतीला चिकटवा, आम्ही तेच करत होतो.

दोन, कलम १५२ ची बातमी देताना कलमाचा आकडा आणि त्याचे शब्द द्या. आपल्या पदरचे नाव ठेवू नका.

तीन, 'देशद्रोही' किंवा 'राष्ट्रविरोधी' हे कोणी कोणाला म्हणाले असेल तर अवतरणचिन्हांत छापा आणि म्हणणाऱ्याचे नाव त्याच ओळीत द्या. वाहिनीच्या पट्टीवर अवतरणचिन्हे दिसत नाहीत असे मला एका तरुण मित्राने सांगितले. मग पट्टीवर तो शब्दच घेऊ नका.

चार, चूक झाली तर शुद्धिपत्र छापा. पान दोनवर तळाशी, सहा पॉइंटात छापलेत तरी मी भिंग घेऊन वाचेन.

पाच, येत्या २३ जुलैला, म्हणजे टिळक जयंतीला, आणि १ ऑगस्टला ज्या पुरवण्या निघतील त्या छपाईला जाण्याआधी 'देशद्रोह' शब्द शोधून पाहा. संगणकावर हे काम दहा सेकंदांचे आहे असे ऐकतो. आम्हाला डोळे फोडावे लागत होते.

नातीला मी तिच्या भाषणाची वही परत दिली आहे. 'देश'वर पेन्सिलीने आडवी रेघ, वर 'राज', आणि समासात आमची जुनी खूण. ती विचारत होती की मग तिला मिळालेला दुसरा क्रमांक खरा की खोटा. खरा, असे मी सांगितले, कारण चूक तिची नव्हती. शाळेत पुढच्या महिन्यात तेच भाषण जिल्हा पातळीवर म्हणायचे आहे. तिच्या बाईंनी विचारले, शब्द का बदलला, पेपरात तर वेगळा आहे. तिने माझे नाव सांगितले. बाई म्हणाल्या, छापील काहीतरी आणून दाखव.

तेवढे छापील आपण द्यावे, ही विनंती. आणि या पत्राला उत्तर छापणार असाल तर प्रूफ आधी माझ्याकडे पाठवा. फुकट वाचून देईन.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
सातारा